आठ फूट मागे

मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९५६

मे. चीफ ऑफिसर, नगरपालिका पेठबंदर, जिल्हा रत्नागिरी, यांस

१. तळेकोंड ही वाडी गेल्या एप्रिलपासून नगरपालिकेच्या हद्दीत आली.

२. तेथील श्री. महिपत राघो गोताड यांच्या नव्या घराचा नकाशा मी केला. त्यास ता. १४ नोव्हेंबर १९५५ रोजी मंजुरी मिळाली.

३. मंजूर नकाशात घरापुढे दहा फूट खळे (अंगण) आहे. मागे पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठापर्यंत सोळा फूट मोकळी जागा आहे.

४. ता. ३१ जानेवारी रोजी ओव्हरसिअर श्री. हुसेन होडेकर यांनी जागेवर मापे घेतली. पुढे अठरा फूट भरले. मागे आठ फूट भरले.

५. पऱ्याच्या काठापासून पंधरा फुटांच्या आत बांधकाम करण्यास पोटनियमाने मनाई आहे.

६. ओटीचा मधला खांब नकाशात आहे, जागेवर नाही.

७. 'मंजूर जागी नसलेले बांधकाम संपूर्ण का पाडू नये' अशी नोटीस ता. ४ रोजी निघाली. ती मला परवा मिळाली.

वरील सर्व मापे मला मान्य आहेत. श्री. गोताड हे माझे वडील आहेत. नाते लपवण्याचे कारण नाही म्हणून नमूद करते.

जानेवारीत जागेवर येण्याचा माझा विचार होता, परंतु शहरातील दंगलीमुळे आमची कचेरी आठ दिवस बंद राहिली आणि नंतर रजा मिळाली नाही. नकाशावर प्रत्येक माप आकड्यात लिहिलेले आहे. तेव्हा संपूर्ण घर आठ फूट मागे जाण्यास मला एकच कारण दिसते. आखणीच्या वेळी गवंडी बाबल्या मिस्त्री यांनी मोजणी रस्त्याच्या कडेपासून न धरता आतल्या दगडी गडग्यापासून धरली असावी. चूक मोजमापाची आहे, हेतू नियम मोडण्याचा नाही.

सुधारित नकाशा सादर करण्यास एक महिन्याची मुदत मिळावी.

विमला महिपत गोताड
ड्राफ्ट्समन


तळेकोंड, ता. १६ फेब्रुवारी

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे. खोकला आहे तेवढाच आहे.

तुझा कागद होडेकर साहेबांनी कचेरीत मला वाचून दाखवला. नेमका बाबल्या शेजारी उभा. त्याने सगळं ऐकलंन आणि मला म्हणाला, "महिपतदादा, तुझ्या पोरीनं मुंबईत बसून माझा गज मोडलान. तीस वर्षं चिरे रचतोय. आठ फूट चुकायला मी काय आंधळा हाय?" मी म्हटलं, बाबल्या, ती तुला ओळखत नाही. तो म्हणाला, "मला नको वळकू दे, बापाला तरी वळकंल का नाय?"

विमल, बाबल्याने काही केलं नाही. खुंट्या मी सरकवल्या.

आखणीच्या दिवशी बाबल्याने दोरी ताणलीन, चुना टाकलान, तुझ्या नकाशाबरहुकूम. नारळ फोडणार एवढ्यात गंगाराम शिगवण गडग्यापाशी येऊन उभा राहिला. बांधावरच्या त्या भांडणानंतर नऊ वर्षांत तो आपल्या गडग्याशी थांबला नव्हता. तो आत आला. दोरी बघितलीन आणि म्हणाला, "महिपत, घर बांधतोस ते बरं झालं. पण हितं पालखी कशी नाचंल?"

तुला मुंबईत वाढवल्यामुळे ठाऊक नसेल म्हणून लिहितो. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. खळ्यात नाचते, मग ओटीवर बसते, नैवेद्य होतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो. पालखीचा दांडाच तेरा फुटांचा. पुढे दोघे, मागे दोघे, आणि पालखी गरकन फिरते. दहा फुटांत ती फिरायची कशी? आणि ओटीच्या मध्ये खांब असला तर देव काय वाकून आत येईल?

नऊ वर्षं पालखी आपल्या गडग्यावरून सरळ पुढच्या घरी गेली. आजी गडग्याआड उभी राहून हात जोडायची. यंदा मानकरी गंगाराम स्वतः म्हणाला. मी काय म्हणणार होतो, थांब, मुलीला पत्र घालतो? तिथल्या तिथे खुंट्या उपटल्या आणि आठ फूट मागे ठोकल्या. देव कागदावर नाचत नाही बाय, त्याला खळं लागतं.

कौलं चढली. अठ्ठावीस मार्चला पालखी आपल्याकडे आहे. तेवढं घर उभं राहू दे, मग तुझी नगरपालिका काय ते करू दे.

तुझा बाबा


मुंबई, ता. २० फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

पत्र मिळाले. बाबल्या मिस्त्रींविषयी मी माहिती नसताना लिहिले. ते मागे घेईन.

नकाशा करताना खळे किती हवे म्हणून मी तुम्हाला तीन पत्रांत विचारले होते. तुम्ही तिन्ही वेळा लिहिलेत, 'तुला बरे दिसेल तसे कर.' मी दहा फूट धरले, कारण आपल्याकडे कोणी येत नसे. तुम्ही एक आणि मी मे महिन्यात एक, एवढ्यांना दहा फूट पुरतात. पालखीचा हिशेब त्यात नव्हता. तेव्हा तो तुमच्याही मनात नसावा.

आता काय करता येईल ते लिहिते. घर आहे तिथे ठेवायचे तर मागचे सात फूट बांधकाम काढावे लागेल. म्हणजे स्वयंपाकघर. ते उत्तरेच्या बाजूला पडवी काढून तिथे नेता येईल. बाजूला जागा आहे. असे केले तर पुढचे अठरा फूट राहतील आणि मागे पऱ्यापासून पंधरा फूट सुटतील. नगरपालिकेला हे मान्य होण्याची शक्यता आहे. पाडण्याचे काम आताच सुरू केले तर समितीपुढे सांगण्यासारखे काही राहील.

ओटीच्या खांबाबद्दल. तुळई सात फुटांच्या अंतरासाठी धरली होती. आता ती चौदा फूट अधांतरी आहे आणि वर कौलांचे वजन आहे. ती आज पडणार नाही. पण वाकेल. खाली दोरी ताणून बघा आणि मध्ये किती बोटे फट दिसते ते कळवा.

तुमची
विमला


पेठबंदर, ता. २५ फेब्रुवारी

कुमारी विमलाबाई गोताड यांस,

सोबत जावक क्रमांकाचा कागद आहे तो कचेरीचा. हे पत्र माझं, आणि ते फाइलला लावायचं नाही.

आपण मुदत मागितली ती मिळाली आहे. बांधकाम समितीची बैठक शनिवार ता. २४ मार्च रोजी आहे. सुधारित नकाशा त्याआधी आठ दिवस तरी यावा. पऱ्याच्या बाबतीत मला सवलत देता येणार नाही, आणि दिली तर मला स्वतःला झोप लागणार नाही. त्रेपन्न साली श्रावणात उधाणाची भरती आणि पाऊस एकाच दिवशी आले, तेव्हा त्याच पऱ्याने खालच्या अंगाचं एक घर मागच्या भिंतीसकट नेलं. मी ते घर दुसऱ्या दिवशी मोजायला गेलो होतो. मोजण्यासारखं जोतं तेवढं राहिलं होतं.

आपल्या खुलाशाचा एक परिणाम कळवणं भाग आहे. बाबल्या मिस्त्री शाळेच्या कुंपणाचं काम करत होता. मोजमापात चुकणारा गवंडी म्हणून समितीने त्याला तूर्त त्या कामावरून कमी केलं आहे. आपण दुरुस्ती कळवलीत तर मी ती लगेच पुढे ठेवीन. परवा बाजारात भेटला. म्हणाला, "होडेकरसाहेब, निदान चार बोटं चुकल्याचा तरी गुन्हा लावायचा होता. आठ फूट म्हणजे अगदीच इज्जत गेली."

राहिलं आपल्या वडिलांचं. घर मागे का सरकलं हे ते मला तोंडी बोलले आहेत आणि मला ते समजतं. तेरा वर्षांच्या मुलीची सोयरीक वाडीने ठरवली, बापाने मोडली आणि मुलीला शाळेत ठेवलं, एवढ्यासाठी नऊ वर्षं आग-पाणी तुटून वाळीत राहणं सोपं नाही. माझी आई रहिमा अजून आपल्या आजींची आठवण काढते. वाडीच्या विहिरीवर मनाई झाल्यावर आजी आमच्या मोहल्ल्याच्या विहिरीवर यायच्या, आणि आई त्यांना कळशी उचलून द्यायची. आजी गेल्या तेव्हा वाडीतून खांदा द्यायला कोणी आलं नाही. आपले मामा खेडहून आले, वडील मुंबईहून पोचले, आणि आमच्यातले दोन खलाशी गेले. हे सगळं आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, तेव्हा अधिक लिहीत नाही. एवढंच की ज्या माणसाने इतकं सोसलं त्याला पालखीसाठी आठ फूट सरकल्याबद्दल मी मनातून दोष देऊ शकत नाही. कागदावर द्यावा लागतो.

आणखी एक. सोयरीक ज्यांच्या पुतण्याशी ठरली होती ते श्री. गंगाराम शिगवण हद्दवाढीनंतर तळेकोंडाचे सभासद म्हणून निवडून आले आहेत. ते बांधकाम समितीवर आहेत. आपल्या घराला काढलेल्या नोटिशीवर त्यांची सही आहे.

हुसेन होडेकर


मुंबई, ता. २९ फेब्रुवारी

श्री. होडेकर यांस,

१. बाबल्या मिस्त्री यांची कोणतीही चूक नाही. आखणी त्यांनी मंजूर नकाशाप्रमाणे केली होती. नंतर ती मालकाने बदलली. माझ्या ता. ११ च्या खुलाशातील त्यांच्याविषयीचा मजकूर चुकीचा असून तो रद्द समजावा. कचेरीसाठी स्वतंत्र अर्ज सोबत आहे. त्यांना कामावर परत घेतल्याचे कळवावे.

२. आपल्या पत्राचा चौथा परिच्छेद मी दोनदा वाचला. त्यातील माहिती मला नव्हती. मला बांधावरचे भांडण एवढेच सांगितले होते. आजी वारल्या तेव्हा माझी परीक्षा होती आणि 'येऊ नको, सगळे जण आहेत' असे कार्ड मला आले होते. आपली माहिती ऐकीव असेल तर तसे कळवावे.

३. जो माणूस खळे अठरा फूट हवे म्हणतो तोच खळे अठरा फूट झाले म्हणून नोटीस काढतो, हे मला समजलेले नाही. आपण त्यांना रोज पाहता. आपल्याला समजले असल्यास लिहावे.

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा.

विमला गोताड


मुंबई, ता. २९ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

१९४७ साली मला तेरावे लागले होते. त्या वर्षी मे महिन्यात आपण गावी गेलो नाही. त्यानंतर आजीने मला 'मुंबईलाच बरी आहेस' असे दर पत्रात लिहिले.

भांडण कोणत्या बांधावरून झाले ते कळवावे.

तुळईखाली दोरी लावली का?

विमला


तळेकोंड, ता. ६ मार्च

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद.

दोरी लावली. मध्ये दीड बोट फट आहे. बाबल्या म्हणतो एवढी सगळ्यांचीच असते. तो परत कामाला लागला. तुला निरोप दिलान, "नकाशावालीला सांगा, गज सांधला."

परवाची गोष्ट ऐक. गंगाराम पालखीचा दांडा घेऊन आला, खराखुरा दांडा, देवळातून. बरोबर चार गडी. म्हणाला, "आधी फिरवून बघू. ऐनवेळी भिंतीला लागला तर अपशकुन." आणि भर दुपारी, पालखी नाही, देव नाही, नुसता दांडा खांद्यावर घेऊन ते चौघे आपल्या खळ्यात फिरायला लागले. सगळी वाडी गडग्याशी जमली. त्यातली मैना हसून खाली बसली. म्हणाली, "अरे निदान तोंडानं तरी ढोल वाजवा, दिसतंय कसं, म्हैस बांधायला जागा बघतात जसे!" दांडा फिरला. भिंतीपासून दोन वीत सुटला. गंगाराम म्हणाला, "बसला!" आणि त्या गर्दीत शेजारची काशीवहिनी गडग्याच्या आत आली आणि मला म्हणाली, "भावजी, चूल कनच्या अंगाला मांडलीत?" नऊ वर्षांनी तिच्या तोंडून भावजी ऐकलं. मी तिला घर दाखवलं. तिने खिडक्यांचं कौतुक केलंन. मी म्हटलं, मुलीने काढल्या आहेत.

म्हणून सांगतो, स्वयंपाकघर आता पाडता येत नाही. नैवेद्य त्या घरच्या चुलीवर शिजला पाहिजे, उघड्यावर शिजवून चालत नाही. मोडक्या घरात पालखी बसत नाही. अठ्ठाविसापर्यंत एक चिरा हलायचा नाही. एकोणतिसाला मी स्वतः पहार घेऊन उभा राहतो, मग तुझे सात फूट घे नाहीतर सतरा घे.

मी गंगारामला विचारलं, नोटिशीवर सही तुझी कशी? तो म्हणाला, "तिथं मी सभासद, हितं मी मानकरी. देवाचं देवापाशी, नगरपालिकेचं नगरपालिकेपाशी." वाईट माणूस नाही तो. त्याला दोन टोप्या मिळाल्या आहेत आणि दोन्ही घालायची हौस आहे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. तेव्हाचं तेव्हा झालं. तू सातवीत पहिली आली होतीस. मास्तर म्हणाले, हिला काढू नका. नाही काढली. त्यात सांगण्यासारखं काय होतं? तुला सांगितलं असतं तर तू अभ्यास टाकून मलाच प्रश्न विचारत बसली असतीस, आता बसली आहेस तशी.

गाऱ्हाण्याच्या वेळी मला दोन शब्द बोलायचे आहेत. विशेष काही नाही, रीत आहे.

शिमग्याला तू येऊ नको. बोटीला फार गर्दी असते.

तुझा बाबा


मुंबई, ता. १० मार्च १९५६

मे. चीफ ऑफिसर, नगरपालिका पेठबंदर, यांस

सुधारित नकाशा तीन प्रतींत सादर केला आहे. फेरबदल पुढीलप्रमाणे.

घर सध्याच्या जागी ठेवून मागील बाजूचे सात फूट बांधकाम काढण्यात येईल. त्यामुळे पऱ्याच्या काठापासून पंधरा फूट मोकळे राहतील. काढलेल्या स्वयंपाकघराऐवजी उत्तरेस नऊ फूट रुंदीची पडवी दाखविली आहे. ओटीच्या मधल्या एका खांबाऐवजी दोन खांब दाखविले आहेत. दोहोंमधील अंतर पाच फूट.

बांधकाम काढण्यास ता. १५ एप्रिलपर्यंत मुदत मिळावी. ता. २८ मार्च रोजी घरात धार्मिक कार्य असून त्यासाठी स्वयंपाकघराची गरज आहे.

अर्जाच्या नमुन्यात 'फेरबदलाचे कारण' असा रकाना आहे. त्यात खालील मजकूर लिहिला आहे.

'मूळ नकाशा करताना ड्राफ्ट्समनने घरापुढील खळ्याचा वाडीत काय उपयोग होतो याची चौकशी केली नाही. दहा फुटांचे खळे या जागी अपुरे होते. चूक ड्राफ्ट्समनची आहे. मालकाची किंवा गवंड्याची नाही.'

विमला महिपत गोताड


पेठबंदर, ता. १३ मार्च

विमलाबाई,

नकाशा पोचला. मापं मी तपासली, बरोबर आहेत. पडवीची कल्पना चांगली आहे. मला सुचली नव्हती.

कारणाच्या रकान्यातला मजकूर मला पटलेला नाही. पण सही आपली आहे, आणि रकान्यात जे लिहिलं ते आता फाइलमध्ये गेलं. यापुढे या नगरपालिकेत आपला दुसरा नकाशा आला तर हा शेरा त्याच्याबरोबर निघेल. आपल्याला ते माहीत असूनच आपण लिहिलं असणार.

त्या जुन्या गोष्टीबाबत आपण विचारलं होतं. माझी माहिती ऐकीव नाही. आजींना खांदा द्यायला गेलेल्या त्या खलाशांपैकी एक माझा भाऊ मन्सूर.

आता जे लिहितो ते लिहू नये असं काल दिवसभर वाटत होतं. पण मागच्या वेळी आपल्याला माहीत असेल म्हणून लिहिलं आणि माहीत नव्हतं. या वेळी माहीत नसेल म्हणून लिहितो.

काल श्री. शिगवण कचेरीत आले. मी आपला नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. चहा घेता घेता त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "झ्याक हाय. पण चोविसाला हा विषय नको. एप्रिलच्या बैठकीला घेऊ."

मी म्हटलं, मुदत तरी चोविसाला द्यायला हवी, नाहीतर नोटीस उभीच राहते.

"राहू दे की उभी. अठ्ठाविसाला महिपत देवापुढं बोलणार हाय."

"काय बोलणार?"

"पोरीला शिकवायला ठेवलीन, वाडीचा शब्द मोडलान, ती चूक झाली, पदरात घ्यावी. एवढंच. चार माणसांत मी गाऱ्हाणं घालीन, त्यानं मागनं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मग तो आमच्यातला झाला. आमच्यातल्याचं घर मी कशाला पाडू?"

"आणि नाही बोलला तर?"

त्यांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "तर मग तुमचा कायदा हायच. तो मी थोडाच केलाय?"

ते चिडून बोलले नाहीत. मला तर वाटतं, आपण महिपतरावांवर उपकारच करतो आहोत अशी त्यांची समजूत आहे. ओटीवर त्या दिवशी मुलगी समोर नसावी, असंही त्यांनी आपल्या वडिलांना सांगितलं आहे. समोर असली तर बाप अडखळेल, असं ते म्हणाले. हे त्यांनी बरं ओळखलं.

मी चीफ ऑफिसर साहेबांशी बोललो. ते म्हणाले, विषय कोणत्या बैठकीत घ्यायचा हे समितीचं काम. माझ्या टेपात येतं तेवढंच मी लिहू शकतो. बाकीच्याला माझ्याकडे रकाना नाही.

हुसेन होडेकर


मुंबई, ता. १६ मार्च

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

पालखी येण्याआधी ओटीखाली दोन खांब उभे करा. यात हयगय नको. त्या दिवशी सगळी वाडी ओटीवर चढेल, तुळईला कोणीतरी टेकेल, कोणीतरी तोरण ओढेल. दीड बोटाची फट आज आहे, ती महिन्याभरापूर्वी नव्हती. ऐनाचे किंवा किंजळीचे खांब घ्या, सहा इंच जाडीचे. दोन्ही कोपऱ्यांपासून साडेचार फूट मोजा, मध्ये पाच फूट राहतील. देव त्यातून न वाकता आत येईल. खांबांखाली चिरा नको, तो दबेल. काळा दगड हवा. बाबल्या मिस्त्रींना सांगा की हे माप मी दोनदा तपासले आहे, आणि त्यांनी तिसऱ्यांदा तपासावे.

चुलीचा धूर उत्तरेच्या खिडकीतून जाईल. ती खिडकी बंद ठेवू नका. इतक्या माणसांचा नैवेद्य एकदम शिजला तर घरात उभे राहवणार नाही.

सुधारित नकाशा नगरपालिकेत पोचला आहे. त्यातली मापे बरोबर असल्याचे श्री. होडेकर यांनी कळवले. त्यावर निर्णय केव्हा आणि कशावर अवलंबून आहे तेही त्यांनी कळवले. त्यांच्यावर रागावू नका. मी विचारले म्हणून त्यांनी लिहिले.

बोटीच्या गर्दीचे तुम्ही लिहिलेत. मी आगाऊ तिकीट काढले असते तर जागा मिळाली असती. पण मी येत नाही.

तुम्ही बोलू नका असे मी लिहीत नाही. बरेच वेळा लिहायला घेतले आणि ते पुरे झाले नाही. तुम्ही बोलला नाहीत तर घर जाईल, आणि घरापेक्षा जास्त जे आहे ते जाईल. काशीवहिनी खिडक्या बघायला आली ते तुम्ही असे लिहिले आहे की मी ते दोनदा वाचले. मी इथे आहे. माझी नोकरी इथे आहे. त्या वाडीत विहिरीवर जाणे, आजारी पडणे आणि पुढचे सगळे तुम्हाला करायचे आहे, मला नाही. माझ्या शिकण्याने तुमचे काय गेले ते मला नऊ वर्षे ठाऊक नव्हते, म्हणून आता मला हरकत घ्यायला जागा उरलेली नाही. घर वाचवण्यासाठी मला जे करता येत होते ते मी कागदावर केले. तिथे चूक माझी म्हणून लिहिली. ती खोटी नाही. खळ्यात कोणी येणारच नाही असे धरून मी घर काढले होते.

एकच गोष्ट मागते. गाऱ्हाण्यात जे म्हटले जाणार आहे ते शब्द, आहेत तसे, एका कार्डावर तुमच्या हाताने लिहून पाठवा. मला ते कोणाकडून ऐकायचे नाहीत, आणि अंदाजाने धरायचे नाहीत. वाडीचा शब्द मोडला ही चूक म्हणणार, की मला शिकवले ही चूक म्हणणार, हे मला नक्की माहीत असायला हवे. दोन्हींत फरक आहे. शेवटचे 'व्हय म्हाराजा' तुम्ही कशाला म्हणणार, तेही लिहा.

बुधवारी अठ्ठाविसाला मी कचेरीत असेन. कार्ड त्याआधी हवे. शनिवार ता. २४ मार्चपर्यंत मला उत्तर मिळेल असे टपालात टाकावे.

विमला